आईच्या सुती साड्या कुठे द्याव्यात?

प्रश्न: कोथरूडचं घर रिकामं करतेय. आईच्या सुती साड्या, सोलापुरी चादरी, स्टीलची भांडी. बोहारीण गठ्ठाभर साड्यांवर एक डबा टेकवते, जीव होत नाही.

उत्तर १: 'गूंज' या स्वयंसेवी संस्थेला द्या. जुन्या सुती कापडाचे ते मासिक पाळीसाठी पॅड करतात. बरे कपडे गावात विहीर, रस्त्याच्या श्रमदानाचा मोबदला म्हणून जातात, भीक म्हणून नाही. धुऊन द्या हं, लोक कळकट गाठोडी टाकतात!

उत्तर २: भांडी, चादरींसाठी पुण्यातल्या 'स्वच्छ'ची व्ही-कलेक्ट ही जुनं सामान गोळा करणारी सेवा बघा. कचरावेचक ताईंचीच सहकारी संस्था, चार पैसे त्यांना मिळतात.

प्रश्नकर्ती: छान! काठ विरलेली इरकल मात्र गोधडीला ठेवतेय. चादरींना डांबरगोळ्यांचा वास आहे, आधी उन्हात टाकते.