मदत हवी आहे : फाटलेल्या लायसन्सची दुय्यम प्रत

पँटच्या खिशात राहिलेलं लायसन्स वॉशिंग मशीनमधून फिरून आलं. कार्डाचा वरचा थर सुटलाय, फोटो दिसतो, पण नंबरातले शेवटचे चार आकडे पार पुसले गेलेत. डिजिलॉकरमध्ये लायसन्स आहे, त्यामुळे पूर्ण नंबर माहीत आहे आणि ट्रॅफिक पोलिसांची चिंता नाही. पण पुढच्या महिन्यात गोव्याला भाड्याने गाडी घ्यायचीय आणि गाडीवाला म्हणतो, कार्ड हातात दाखवा.

लायसन्स साताऱ्याचं (एमएच ११), २०३४ पर्यंत वैध. आधारवरचा पत्ता आता पुण्याचा आहे, मोबाइलही आधारला जोडलेला. हरवलेलं नाही, खराब झालंय, म्हणून पोलिसांत तक्रार दिलेली नाही.

सारथीवर (लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर) डुप्लिकेटचा अर्ज भरायला घेतला. कारण 'खराब' निवडलं, नमुना २ भरला आणि पैसे भरायच्या आधी थांबलो. घराजवळच्या एजंटने 'दोन हजार द्या, सगळं करतो' म्हटलं. सरकारी फीच्या कितीतरी पट! तो मार्ग नको.

आता नेमकं विचारायचंय ते असं. आधार पडताळणीने घरबसल्या अर्ज केला तर जुनं फाटकं कार्ड आरटीओत जमा करायला जावं लागतं का, आणि गेलं तर साताऱ्याला की पुण्याला? शिवाय पत्ता बदल याच अर्जात जोडला तर नवं कार्ड यायला जास्त दिवस लागतात का? गेल्या वर्षभरात कुणी हे केलं असेल तर कार्ड पोस्टाने किती दिवसांत हातात आलं?