अगदी आखूड, कुरळ्या केसांची निगा: मदत हवी आहे

दीडइंची

नमस्कार मंडळी. आधी पार्श्वभूमी, मग रडगाणं.

सहा वर्षं पर्मनंट स्ट्रेटनिंग करत होते. मग कंटाळून थांबले, तर मुळाशी माझे मूळचे कुरळे केस आणि खाली सरळ काड्या असा प्रकार झाला. जिथे दोन्ही भेटतात तिथेच केस तुटायचे. चार महिने अंबाडा घालून लपवाछपवी केली आणि तीन आठवड्यांपूर्वी सरळ भाग सरळ कापून टाकला. आता केस ताणून धरले तर दीड इंच, सोडले की आक्रसून जेमतेम पाऊण. मानेवर मशीन फिरवलंय. कापणारीने 'चेहऱ्याला बरं दिसेल' म्हणून कपाळावर चार बटा मोठ्या ठेवल्या, त्यांची टोकं मात्र अजून सरळ आहेत.

मला वाटलं होतं, केसच नाहीत तर निगा कसली? पण कुरळ्या केसांचे व्हिडिओ पाहिले आणि धसका घेतला. सध्या असं करते: दहा दिवसांतून एकदा शाम्पू (कुरळे केस सारखे धुवायचे नाहीत म्हणे), रोज सकाळी पाण्याचा फवारा, त्यावर लीव्ह-इन कंडिशनर (लावून न धुता तसाच ठेवायचा), त्यावर कर्ल क्रीम, त्यावर जेल. रात्री टाळूला खोबरेल. आठवड्यातून एकदा प्रोटीन मास्क.

एवढं करूनही दुपारपर्यंत केस काथ्यासारखे होतात. खांद्यावर पांढरा भुसा पडतो. डोकं खाजतं. कपाळावर केसांच्या कडेने पुरळ उठलंय, आणि मानेवर बारीक फोड. सकाळी उठल्यावर उजवी बाजू चपटी आणि डावी ताठ उभी. यात नेमकं काय चुकतंय? अजून काय लावू?

गुंतवळ

माझे केस कमरेपर्यंत आहेत त्यामुळे सल्ला शून्य, पण धागा वाचतेय. तुमचा शाम्पूचा खर्च ऐकून हेवा वाटणार होता, तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बरण्या बाळगून आहात!

आखूडशिंगी

काय लावू ते नंतर बघू. आधी दोन गोष्टी सांगा. तो पांढरा भुसा चिमटीत धरून पाण्याच्या थेंबात चोळा. चिकट होऊन विरघळतो का? की तेलकट, पिवळसर पापुद्रा तसाच राहतो? आणि जेल किती घेता?

दीडइंची

आत्ताच करून पाहिलं. विरघळला! बोटं चिकट झाली. जेल तळवाभर घेते. व्हिडिओतल्या बाई घेतात तेवढाच.

आखूडशिंगी

त्या बाईंचे केस कुठपर्यंत आहेत?

दीडइंची

पाठीच्या मध्यापर्यंत. बरं, कळलं.

आखूडशिंगी

हसू नका, मीही हेच केलंय. नऊ वर्षं केस इंच-दोन इंचांवर ठेवतेय, त्यातलं पहिलं वर्ष असंच वाया गेलं.

तो कोंडा नाही, वाळलेला जेल आहे. पुष्कळ कंडिशनरमधले घटक धन प्रभाराचे असतात आणि काही जेलमधले घट्ट करणारे घटक ऋण प्रभाराचे. दोन्ही एकत्र आले की फाटतात. तुमच्या तळव्यावरच प्रयोग करा: लीव्ह-इनचा एक थेंब, जेलचा एक थेंब, बोटाने कालवा. गुळगुळीत राहिलं तर जोडी जमते. कण कण झाले, तर तेच कण वाळून खांद्यावर येतात. आणि जोडी जमत असली तरी तळवाभर जेल दीड इंचाला म्हणजे भिंतीला चुना देण्यासारखं आहे.

आता मूळ मुद्दा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, कुणाचे थोडे जास्त. म्हणजे तुमच्या डोक्यावरचा सगळ्यात जुना कुरळा केस जेमतेम चार-पाच महिन्यांचा आहे. गुंतवळ यांच्या केसांची टोकं पाच-सहा वर्षांची असतील. तेवढ्या काळातलं ऊन, विंचरणं, घासणं त्यांनी सोसलंय. लांब केसांच्या दिनक्रमातला निम्माअधिक भाग त्या म्हाताऱ्या टोकांसाठी असतो. तुमच्याकडे ती टोकंच नाहीत. प्रोटीन मास्क कशाची डागडुजी करणार? उलट धडधाकट केसाला वरचेवर प्रोटीन लावलं की तो कडक लागतो. तुमचा काथ्या थोडा त्यातून आणि बराचसा थरांवर थर चढल्यामुळे आलाय. तुम्ही त्याला कोरडेपणा समजून आणखी क्रीम लावताय.

दहा दिवसांचा नियमही लांब केसांचाच. कुरळ्या केसात टाळूचं तेल वळणावळणांनी टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून लांब कुरळे केस कोरडे पडतात आणि ते कमी धुतात, हे खरं. पण तुमचं टोक टाळूपासून बोटभरसुद्धा लांब नाही. इतक्या आखूड केसांत खरं काम टाळूचं असतं. घाम, तेल, काल लावलेलं जेल, सगळं त्वचेला लागूनच बसतं. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी धुवा. घाम फार येत असेल तर एक दिवसाआड. शाम्पू सौम्य घ्या, बोटांच्या पेरांनी टाळूला लावा, नखांनी नको. पहिल्या वेळी मात्र चांगला फेस होणारा साधा शाम्पू दोनदा लावून जुने थर काढून टाका. नंतर कंडिशनर बोटाच्या पेरावर मावेल एवढा, केसांना, दोन मिनिटं ठेवून धुऊन टाका. ओल्या केसांवरच जेल किंवा क्रीम यांपैकी एक, वाटाण्याएवढं. दोन्ही नको. मग हात लावू नका, वाळू द्या. वाळल्यावर कडक वाटलं तर तळव्यांनी हलकेच चुरगाळा, कडकपणा मोडतो आणि वळण राहतं.

सकाळची चपटी बाजू हा आजार नाही, सगळ्यांची असते. झोपेत दाबून बसलेला आकार पाण्याने सुटतो. हात ओले करून डोक्यावरून फिरवा, बास. रोज नवीन क्रीम लागत नाही. उशीला सॅटिनचा अभ्रा घातला तर घासणं कमी होतं. सुती अभ्रा केसांना जास्त ओढतो.

जुनीजाणती

शाम्पू दर दोन दिवसांनी? आणि तेलाचं कुणी काही बोलायलाच तयार नाही. आमच्या पिढीने रोज तेल लावलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मुलीचं डोकं खाजतंय म्हणजे कोरडं पडलंय. तेल बंद करू नकोस गं.

आखूडशिंगी

मावशी, तेलाशी माझं वैर नाही, फक्त वेळेवरून भांडण आहे. खोबरेल खरंच केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये रेले आणि मोहिले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना होती, आणि केसातलं प्रोटीन वाहून जाणं खोबरेलानेच कमी झालं. पण त्यांनी पाहिला तो केस, टाळू नव्हे. टाळूला रात्रभर तेल मुरवून मुळांना 'पोषण' मिळतं हे मात्र खरं नाही. मुळांना पोचतं ते रक्तातून. आणि कोंडा वाढवणारी मालासेझिया नावाची यीस्ट टाळूवरच्या तेलावर जगते. खाजणाऱ्या डोक्यावर रात्रभर तेल ठेवलं तर तिची चंगळ होते.

दीडइंची, तेल आवडत असेल तर धुण्याआधी अर्धा तास, केसांना, चार थेंब. कपाळाच्या कडेचं पुरळ बहुधा या तेल-क्रीममुळेच आहे. आठवडाभर थांबवून बघा.

जुनीजाणती

धुण्याआधी तर धुण्याआधी. तेल आहे ना, मग ठीक.

भोवरा

मानेच्या फोडांबद्दल लिहितो, कारण त्या विषयात मी पोळलेलो आहे. कुरळा केस अगदी त्वचेलगत कापला की त्याचं टोक अणकुचीदार होतं आणि वाढताना वळून परत त्वचेतच शिरतं. त्याचे फोड येतात. मान 'स्वच्छ' दिसावी म्हणून मी शून्य नंबरवर मशीन मारायचो आणि वर ब्लेड. दोन वर्षं हे फोड घामोळं समजून पावडर लावत बसलो.

पुढच्या वेळी मशीनला क्लिप लावायला सांगा, तीन-चार मिलिमीटर राहू द्या. ब्लेड अजिबात नको. केस उगवतात त्या दिशेनेच मशीन फिरवायचं, उलट नाही. फोड नखाने फोडू नका. आणि ते कडक गाठींसारखे व्हायला लागले, दुखले किंवा पू झाला तर त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा. त्या गाठींचे कायमचे व्रण राहतात आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. माझ्या मानेवर दोन आहेत.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: एवढ्या आखूड केसांतून ऊन सरळ टाळूवर येतं. भांग असेल तर भांगाची रेघ भाजते, तुमचं तर अख्खं डोकं आहे. बाहेर जास्त वेळ असाल तर टोपी घाला. डोक्याला सनस्क्रीन चोळायला जाऊ नका, तो वेगळाच चिकटा.

दीडइंची

टोपीचं खरंच सुचलं नव्हतं. धन्यवाद, दादा. आणि पुढच्या बटांचं काय करू? काहीतरी लावून सरळ टोकं परत कुरळी होतील का? एकीने प्रोटीनने वळण 'परत येतं' असं सांगितलं, म्हणून तर तो मास्क घेतला.

आखूडशिंगी

नाही होणार. स्ट्रेटनिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात बसवतात. तेवढा भाग आता तसाच राहणार. तो निर्जीव आहे, त्याला मूळचा आकार आठवत नाही. वळण ठरतं ते त्वचेखाली, केस जिथून उगवतो त्या पिशवीच्या आकारावर, म्हणून नवा केस कुरळा येतो. दोनच मार्ग: कापा, किंवा वाढेपर्यंत ती टोकं बोटांवर गुंडाळून जेलने बसवत राहा. मी असते तर कापले असते. चार बटांसाठी रोजची दहा मिनिटं!

आणि धुणं बदलल्यावरही तीन-चार आठवड्यांत खाज थांबली नाही, तर जेलच्या मागे खरा कोंडाही असू शकतो. मग कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा २ टक्केवाला शाम्पू असतो: आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, दोन ते चार आठवडे. पुष्कळ जण लावून लगेच धुतात आणि मग उपयोग झाला नाही म्हणतात. आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आखूड केसांचा एक फायदा म्हणजे टाळू दिसते. कुठे नाण्याएवढी गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई असू शकते. तेव्हा धागा काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

दीडइंची

(साडेतीन आठवड्यांनी)

अपडेट देते, नाहीतर धागा काढून पळाली म्हणाल.

पहिल्या दिवशी दोनदा शाम्पू केला तेव्हा पाण्याबरोबर काय काय गेलं ते सांगत नाही. केस वाळल्यावर हात लावला तर मऊ! काहीच न लावता. मग तळव्यावरची परीक्षा घेतली. लीव्ह-इन आणि जेल एकमेकांना भेटताच फुटले. लीव्ह-इन बाद.

आता दर तिसऱ्या दिवशी शाम्पू, कंडिशनर, वाटाण्याएवढा जेल. मधल्या सकाळी फक्त ओले हात. रविवारी धुण्याआधी चार थेंब तेल (मावशी, तुमच्यासाठी). भुसा बंद, खाज जवळपास गेली, कपाळ स्वच्छ. मानेवर क्लिप लावून मशीन फिरवून घेतलं. जुने फोड बसताहेत, नवे आले नाहीत. उजवी बाजू अजून चपटी उठते, पण आता मी तिच्याशी भांडत नाही. पुढच्या बटा शनिवारी कापल्या. आरशात बघून थोडं रडायला आलं, मग तिथेही एक छोटी कुरळी कडी उभी राहिलेली दिसली.

उरला प्रश्न बरण्यांचा. दोन क्रीम, एक लीव्ह-इन, जवळजवळ भरलेला प्रोटीन मास्क. माझ्या वाटाण्याच्या हिशेबाने हे नातवंडांपर्यंत पुरेल. गुंतवळ, केस कमरेपर्यंत आहेत म्हणालीस ना? माझ्या विपुत (विचारपुशीत) लिही.