मेल आला, आली की आलं? पाठवणे, टाकणे आणि ठेवणे

विचारलेले प्रश्न असे: ई-मेलला ‘विपत्र’ म्हणावं की ‘ई-पत्र’? ‘सीसी’, ‘अटॅचमेंट’, ‘थ्रेड’, ‘चॅनेल’ यांना मराठीत काय म्हणायचं? ‘कोलॅबोरेशन’ म्हणजे सहयोग की सहकार्य? आणि मेल आला, मेल आली की मेल आलं?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. उसना शब्द मराठीत आला की त्याला लिंग मिळतं ते बहुधा मनात त्याच्यामागे उभ्या असलेल्या मराठी शब्दाचं. रेल्वेची मेल गाडीमुळे स्त्रीलिंगी झाली: मेल आली, मेल चुकली. संगणकावरच्या मेलमध्ये ज्यांना निरोप दिसतो ते ‘मेल आला’ म्हणतात, ज्यांना चिठ्ठी दिसते ते ‘मेल आली’ म्हणतात, आणि ज्यांच्या मनात पत्र असतं ते ‘ई-मेल आलं’ लिहितात. तिन्ही रूपं चालू आहेत आणि तिन्हींमागे कारण आहे, त्यामुळे एकाला शुद्ध ठरवून बाकीची दोन खोडू नयेत. माझ्या तोंडी पुल्लिंग बसलं आहे, म्हणून खाली तेच येईल.

‘विपत्र’ मला पटत नाही. ‘विद्युत’मधला ‘वि’ घेऊन तो घडवला, पण वाचणाऱ्याला तो ‘वि’ विद्युतचा आहे हे कळायला वाव नाही. विपत्ती, विपरीत, विसंगत या शब्दांच्या रांगेत तो जाऊन बसतो. ‘ई-पत्र’ निदान स्वतःची ओळख देतं. तरी माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आपण नामांसाठी भांडत बसतो आणि क्रियापदांकडे बघत नाही. कार्यालयातला पत्रव्यवहार साठ वर्षांत कसा बदलला हे मराठीच्या तीन साध्या क्रियापदांत दिसतं: पाठवणे, टाकणे, ठेवणे.

सुरुवात ‘ठेवणे’पासून झाली, हे अनेकांना माहीत नसतं. 1965 मध्ये एमआयटीतल्या सीटीएसएस या संगणकव्यवस्थेवर टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ नावाची आज्ञा लिहिली. संगणक एकच, त्यावर टर्मिनलवरून अनेकजण काम करायचे. मजकूर लिहिला की तो दुसऱ्याच्या ‘मेल बॉक्स’ नावाच्या फाईलला जोडला जाई. तो माणूस पुढच्या वेळी आला की वाचेल. काहीच कुठे गेलं नव्हतं. कोणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून यावी, तेवढाच प्रकार.

1971 मध्ये बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी दोन प्रोग्रॅमची सांगड घातली. एक होता त्याच संगणकावरच्या दुसऱ्याला निरोप ठेवणारा, दुसरा होता अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावरून, फाईल नेणारा. निरोप एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेला. ती दोन्ही यंत्रं एकमेकांशेजारीच होती, पण त्यांच्यात दुवा होता तो फक्त अर्पानेटचा. इथे क्रियापद बदललं. चिठ्ठी आता ‘पाठवली’ गेली. पाठवायची म्हणजे पत्ता हवा, म्हणून माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ‘@’ हे वेटोळ्यातलं ‘अ’सारखं चिन्ह आलं. ते कळफलकावर आधीपासून होतं, कोणाच्या नावात येत नव्हतं आणि त्याचा उच्चार ‘अ‍ॅट’ होता. बस्स, एवढंच कारण.

या चिन्हाला इटालियन लोक गोगलगाय म्हणतात, रशियन लोक कुत्रा, डच लोक माकडाची शेपटी. आपण पत्ता सांगताना ‘अ‍ॅट द रेट’ म्हणतो. पुष्कळजण हे चुकीचं म्हणून दुरुस्त करायला धावतात. मला ते दुरुस्त करावंसं वाटत नाही. हिशेबाच्या कागदावर ते चिन्ह ‘या दराने’ याच अर्थाने वापरलं जायचं, आणि ती जुनी ओळख आपल्या बोलण्यात तेवढी टिकून राहिली आहे. अर्थाने बघायचं तर मेलच्या पत्त्यातलं हे चिन्ह म्हणजे आपलं ‘येथे’ किंवा ‘कडे’. आणि आजच्या गप्पांच्या खिडकीत नावाआधी तेच चिन्ह लावलं की त्याचा अर्थ पत्ता राहत नाही, ती हाक होते. ‘मेन्शन कर’ला मराठी शोधणाऱ्यांनी ‘हाक मार’ वापरून बघावं. ‘मला हाक मार, मी बघतो’ हे कोणालाही कळतं.

आता ‘टाकणे’. पत्रपेटीत पत्र टाकायची सवय भाषेत इतकी मुरलेली होती की मेल आल्यावर कोणी न शिकवता ‘मेल टाक’ म्हणू लागलं. मग मेसेज टाक, फोटो टाक, ग्रुपवर टाक. ‘मेल पाठव’ आणि ‘मेल टाक’ यांत मला बारीक फरक ऐकू येतो. ‘पाठव’मध्ये घेणारा माणूस डोळ्यांसमोर असतो. ‘टाक’मध्ये आपल्या हातून सुटणं महत्त्वाचं असतं, पुढचं पुढे. ‘टाकला होता की मी मेल!’ असं म्हणणारा माणूस जबाबदारी हातावेगळी करत असतो. ‘पाठवला होता’ने ते तितकं साधत नाही.

सीसीबद्दल. कार्बन कागद घालून टंकलेल्या पत्राची खालची प्रत, तिच्यावरून हे नाव आलं. मेलचा मायना कसा असावा हे ठरवणाऱ्या 1977 च्या आरएफसी 733 या तांत्रिक दस्तऐवजात सीसी आणि बीसीसी दोन्ही आहेत. मराठी पत्रलेखनाने याची सोय कधीच करून ठेवली आहे आणि तीही किती देखणी: वर ‘प्रति’, खाली ‘प्रत’. एका वेलांटीचा फरक. प्रति म्हणजे ज्याने काही करायचं आहे तो, प्रत म्हणजे ज्याला नुसतं माहीत असायला हवं तो. बोलताना तर आपल्याकडे याहून नेमका शब्दप्रयोग आहे: कानावर घालणे. ‘वरिष्ठांना सीसीत ठेव’ म्हणजे ‘त्यांच्या कानावर असू दे’. ज्या कार्यालयात प्रति आणि प्रत यांतला फरक पुसला गेला, तिथे बारा जणांना मेल जातो आणि प्रत्येकाला वाटतं, उत्तर दुसरा कोणी देईल.

बीसीसी म्हणजे गुप्त प्रत. ती गुप्त राहते कशी, हे बघितलं की शब्द पक्का बसतो. 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या कागदावरचा मायना. पाठवणारा संगणक पुढच्या संगणकाला आधी पाकिटावरचे सगळे पत्ते एकेक करून सांगतो, मग कागद देतो. गुप्त प्रतीचा पत्ता पाकिटावर असतो, कागदावर लिहिलेला नसतो. एवढ्यावर ते गुपित टिकतं, आणि म्हणूनच ते फार नाजूक असतं. एका नोकरीत मला अशी गुप्त प्रत आली होती. मी घाईत वर कोणकोण आहे ते न पाहता ‘सर्वांना उत्तर’ दाबलं आणि दोन ओळी लिहून मोकळा झालो. ज्याच्यापासून ती प्रत लपवलेली होती त्याला माझं उत्तर मिळालं, आणि मी त्या मेलमध्ये होतो हे त्याला माझ्याच तोंडून कळलं. त्याने मला काही विचारलं नाही. पण पुढे आमच्यात पूर्वीसारखं बोलणं झालं नाही. तेव्हापासून मी गुप्त प्रत पाठवत नाही. ज्याला कळवायचं आहे त्याला मूळ मेल वेगळा पुढे पाठवतो, म्हणजे उत्तर आलंच तर ते माझ्यापाशी येतं.

अटॅचमेंटसाठी ‘संलग्नक’, ‘जोडपत्र’ हे शब्द आहेत, पण ‘सोबत’ पुरेसा आहे. ‘सोबत यादी पाहावी’, झालं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 1992 पर्यंत मेलच्या ठरलेल्या साच्यात साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं एवढंच जात होतं. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी त्या वर्षी माइम ही पद्धत मांडली आणि चित्र, आवाज, फाईल यांना वाट मिळाली. त्याच वाटेने इतर लिप्यांनाही मेलमध्ये जागा झाली. आज आपण देवनागरीत मेल लिहितो त्याच्या मुळाशी हे काम आहे. फाईल आजही बहुधा अक्षरांच्या वेषातच जाते: तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून सोबतची फाईल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते.

‘थ्रेड’ला ‘धागा’ हा शब्द मराठी संकेतस्थळांनी कधीच रुळवला आहे, तो तसाच घ्यावा. धागा धरतो कसा? प्रत्येक मेलला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि उत्तरात ‘हे अमक्याचं उत्तर’ असं त्या क्रमांकाने नोंदलेलं असतं. विषयाआधी जे ‘री:’ लागतं ते मात्र ‘रिप्लाय’चं लघुरूप नव्हे. ते लॅटिनमधलं आहे, अर्थ ‘या बाबतीत’. म्हणजे आपल्या पत्रातलं ‘संदर्भ:’. 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं तेव्हा चर्चा झाली ती एक गीगाबाइट जागेची, पण माझ्या मते मोठा बदल होता तो अख्खा धागा एकत्र दाखवण्याचा. मेल सुटी चिठ्ठी राहिला नाही, संभाषणातलं एक वाक्य झाला.

मग परत ‘ठेवणे’. पाठवण्याची अडचण अशी की प्रत्येकाकडे वेगळी प्रत जाते. एक मसुदा पाच जणांना पाठवा, पाच दुरुस्त्या परत येतात, आणि कोणती शेवटची हे ठरवायला सहावा माणूस लागतो. उपाय म्हणजे मजकूर एकाच जागी ठेवायचा आणि लोकांनी तिथे यायचं. 1989 मधलं लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर याच विचाराचं होतं. ते घडवणारे रे ओझी विद्यार्थिदशेत इलिनॉय विद्यापीठातली प्लेटो ही व्यवस्था वापरत होते, आणि तिच्यावर 1973 पासून सामायिक टिपणांची सोय होती. 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांचं विकी आलं: पान एकच, ज्याला सुधारायचं त्याने सुधारावं. 2006 मध्ये गूगलने रायटली हे इंटरनेटवर लिहायचं साधन विकत घेतलं आणि त्यातून गूगल डॉक्स उभं राहिलं. आपल्या बोलण्यात हे कसं उमटलं बघा. ‘मला प्रत पाठव’च्या जागी ‘मला लिंक दे’ आलं, आणि पाठोपाठ ‘ठेवलंय तिथे, बघून घे’. ‘अ‍ॅक्सेस दे’ला ‘परवानगी’ चालते, पण ‘मुभा’ अधिक मोकळा आणि नेमका वाटतो: वाचायची मुभा, शेरे मारायची मुभा, बदलायची मुभा. प्रत हा शब्द मात्र इथे दुबळा होतो, कारण प्रतच उरलेली नाही.

चॅनेलबद्दल थोडक्यात. शब्द आणि त्याआधीचं ‘#’ हे चौकटीचं चिन्ह दोन्ही आयआरसी या गप्पांच्या जुन्या व्यवस्थेकडून आलं, जे 1988 मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलं. स्लॅक 2013 मध्ये पुढे आलं. एक खेळ तयार करणाऱ्या कंपनीने आपसात बोलायला केलेलं साधन होतं ते. खेळ बंद पडला, साधन उरलं. मायक्रोसॉफ्ट टीम्स 2017 चं. चॅनेलला ‘वाहिनी’ म्हणू नये, तो शब्द दूरचित्रवाणीने व्यापला आहे. ‘चॅनेल’च राहू द्यावं, नपुंसकलिंगी. इथे ‘प्रति’ नाही आणि ‘प्रत’ही नाही. निरोप कोणासाठी आहे हे चॅनेलच्या नावावरून समजून घ्यायचं असतं. म्हणून ‘चॅनेलवर टाक’ म्हणतात, ‘चॅनेलला पाठव’ कोणी म्हणत नाही.

कोलॅबोरेशनला ‘सहकार्य’ म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. ‘कृपया सहकार्य करावे’ या पाटीने त्या शब्दाचा अर्थ ‘तक्रार न करता ऐकून घ्या’ असा करून टाकला आहे. ‘सहयोग’ पुस्तकी वाटतो, पण अर्थाने जवळचा आहे. एकाच मजकुरावर अनेकजण लिहीत असतील तर ‘सहलेखन’ नेमका. बाकी सगळीकडे ‘मिळून’ पुरतो: मिळून केलं, मिळून लिहिलं.

*

पुढचा प्रश्न: ‘फॉलो-अप’ आणि ‘अक्नॉलेजमेंट’?

फॉलो-अप म्हणजे पाठपुरावा. याहून चांगला शब्द इंग्रजीकडेही नाही. लेखी असेल तर स्मरणपत्र.

अक्नॉलेजमेंट म्हणजे पोच, पण इथे थांबायला हवं, कारण रोजचे घोटाळे इथेच होतात. एका संगणकाने दुसऱ्याकडून मेल घेतला की तो ‘250’ हा आकडा परत सांगतो. ही दोन यंत्रांमधली पोच. माणसाने वाचलं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. गप्पांच्या खिडकीत येणारी ‘वाचलं’ची खूण दुसरी. आणि अंगठा दाखवणारं चित्र तिसरं, त्याचा अर्थ तर प्रत्येकजण वेगळा लावतो. मिळालं? वाचलं? की मान्य आहे, करतो? एका कामात मी अंगठा दाखवला तो ‘वाचलं’ म्हणून, समोरच्याने तो ‘मान्य’ म्हणून घेतला आणि काम पुढे रेटलं. ते उलटवायला आम्हाला आठवडा लागला.

त्यानंतर आमच्या गटात आम्ही चित्रं सोडून तीन शब्द वापरू लागलो. ‘पोचलं’ म्हणजे मिळालं, अजून उघडलेलं नाही. ‘पाहिलं’ म्हणजे वाचून झालं, मत नंतर सांगेन. ‘मान्य’ म्हणजे मान्य. फायलीवर ‘पाहिले’ लिहून खाली आद्याक्षरं करायची जुनी रीत आहेच, तिच्यातूनच मधला शब्द सुचला. ‘पाहिलं, पण अमान्य’ याला एकच सुटसुटीत शब्द अजून सापडलेला नाही. सध्या आम्ही ‘बोलू’ लिहितो, आणि तेवढ्यावर समोरचा फोन उचलतो.