आर वापरताना तात्पुरत्या फाइलींवर अँटिव्हायरसचा आक्षेप: टेम्प फोल्डर तपासणीतून वगळावे का?

प्रश्न
माझ्या विंडोज संगणकावर आर (संख्याशास्त्रीय कामासाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) सुरू असताना अँटिव्हायरस वारंवार धोक्याची सूचना देतो. संशयित फाइल दर वेळी ‘आरटीएमपी’ने सुरू होणाऱ्या फोल्डरात सापडते, मात्र पुढची सहा अक्षरे प्रत्येक सत्रात बदलत असल्याने आज दिलेली सूट उद्या निरुपयोगी ठरते. शिवाय पॅकेज (आरला जोडायचा तयार फंक्शनांचा संच) बसवताना ‘तात्पुरती स्थापना हलवता आली नाही’ अशा अर्थाचा इशाराही येतो. संपूर्ण टेम्प फोल्डर तपासणीतून वगळण्याचा सल्ला मला मिळाला आहे. तो पाळावा का?

उत्तर १
पाळू नये. जोडपत्रे, इन्स्टॉलर आणि घातक प्रोग्रॅम हे सारे त्याच फोल्डरात उतरतात. तेथे पहारा उठवणे म्हणजे नेमके मुख्य दार उघडे टाकणे होय. त्यातही आपला दुसरा इशारा टेम्पशी संबंधित नाही. आर पॅकेजची झिप फाइल लायब्ररीच्या (बसवलेली पॅकेजेस जेथे राहतात त्या) फोल्डरातच एका तात्पुरत्या उपफोल्डरात उलगडतो व नंतर योग्य जागी हलवतो. त्या क्षणी अँटिव्हायरसने एखादी फाइल तपासणीसाठी धरून ठेवली असेल, तर हलवणे फसते. बहुधा थोड्या वेळाने पुन्हा बसवले की काम होते.
पहिल्या सूचनेतील फाइलीचा प्रकार कोणता आहे, हे कृपया कळवावे.

उत्तर २
आरसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवणे अधिक सोयीचे आहे. आर सुरू होताना टीएमपीडीआयआर, टीएमपी आणि टेम्प ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅम वाचतात ती संगणकावरची नावे दिलेली मूल्ये; येथे तात्पुरत्या फोल्डरचा मार्ग) याच क्रमाने पाहतो, तर विंडोजचे बहुतेक प्रोग्रॅम केवळ शेवटची दोन पाहतात. त्यामुळे फक्त पहिले बदलले की इतरांच्या तात्पुरत्या फाइली जागच्या जागी राहतात. मार्गात मोकळी जागा नसावी आणि बदल आर सुरू करण्यापूर्वी करावा, कारण चालू सत्रात केलेला बदल लागू होत नाही. नंतर सत्राचे तात्पुरते फोल्डर दाखवणारे टेम्पडिर() चालवून खात्री करावी.
आर नीट बंद केल्यास सत्राचे फोल्डर आपोआप पुसले जाते. तो मध्येच कोसळला तर उरते. असे उरलेले फोल्डर एकही सत्र चालू नसताना हाताने काढावे.

प्रश्नकर्ता
फाइल डीएलएल (इतर प्रोग्रॅम वापरतात ती विंडोजची कोड-फाइल) आहे. मी आरमधून सी प्लस प्लस कोड चालवू देणारे सोर्ससीपीपी हे फंक्शन वापरून सी प्लस प्लसमधील एक फंक्शन संकलित (कंपाइल) करतो, हे लिहायचे राहिले होते.

उत्तर १
मग उलगडा झाला. नुकतीच जन्मलेली, डिजिटल स्वाक्षरी नसलेली आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकावर न दिसलेली डीएलएल पाहून तपासनीस सावध होणारच. सोर्ससीपीपीला कॅशडिर हा पर्याय देऊन ठरावीक फोल्डर नेमावे. कोड बदललेला नसल्यास तीच डीएलएल पुन्हा वापरली जाते. सूट द्यायचीच असेल तर फक्त त्या फोल्डराला द्यावी, आणि तेथे डाउनलोड केलेले काहीही ठेवू नये.

उत्तर ३
एक सावधगिरी सुचवतो. शहानिशेसाठी कोणतीही तात्पुरती फाइल सार्वजनिक तपासणी-संकेतस्थळावर चढवू नये. तीत मूळ विदेची (डेटाची) प्रत असू शकते, आणि उदाहरणार्थ सर्वेक्षणातील उत्तरदात्यांची माहिती अशी बाहेर जाणे विषाणूपेक्षा महागात पडेल. सर्टयुटिल किंवा गेट-फाइलहॅश या विंडोजमधील आज्ञांनी फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेत) काढून केवळ तोच त्या संकेतस्थळावर शोधावा. अर्थात आपण स्वतः संकलित केलेल्या फाइलीचा हॅश कोठेच सापडणार नाही. तेव्हा कोड पुन्हा संकलित करताच त्याच वेळेची नवी डीएलएल तेथे उमटते का, हे पाहणे हाच खरा पुरावा.