मदत हवी आहे: अॅब्स्ट्रॅक्ट चित्रांची किंमत कशी लावायची?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, पूर्व भागातला. आमच्या इथल्या एका छोट्या कम्युनिटी गॅलरीनं मला पंधरा दिवस एक भिंत दिलीय, फुकटात, फक्त विकलं तर थोडं कमिशन. सगळी अॅब्स्ट्रॅक्ट, कॅनव्हासवर अॅक्रेलिक, 12 चित्रं. वडील मागावर होते त्यामुळं चादरीच्या जेकार्डचे (म्हणजे विणतानाच उठवलेल्या नक्षीचे) चौकोन, उभे-आडवे धागे हेच डोक्यात बसलंय आणि तेच रंगात उतरतं, पण चादर कुठंच दिसत नाही, मग बघणारा विचारतो "हे काय काढलंय ओ?" आता काय सांगणार.

तर पहिला प्रश्न किंमतीचा. कुणी म्हणतं लांबी गुणिले रुंदी करून इंचाला रेट लावायचा, पण मग माझं सगळ्यात मोठं आणि मला सगळ्यात कमी आवडणारं चित्र सगळ्यात महाग होतंय! तुम्ही काय करता?

दुसरं, चित्राखाली नाव आणि दोन ओळी लिहू का नुसतं 'शीर्षक नाही'? मोठे अॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे नावं द्यायचे नाहीत म्हणे सहसा, पण ते गायतोंडे की ओ.

आणि हो, प्रदर्शन एप्रिलमध्ये आहे, आपलं ऊन माहितीये, 40 च्या वर. मागच्या उन्हाळ्यात दोन कॅनव्हास समोरासमोर ठेवले तर रंग मऊ होऊन चिकटले, सोडवताना कोपरा गेला. टेम्पोतनं नेताना मधे बटर पेपर चालेल का? बबल रॅपचे तर ठसेच उठतात.

अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.