घरातली गुपितं: अनुभव लिहा

खिडकीजवळची:
काल सासूबाईंना देवळात कीर्तनाला सोडायला गेले आणि बसलेच. बुवांनी कर्णाचं आख्यान लावलं होतं. युद्ध संपलंय, गंगेवर सगळे आपापल्या माणसांना पाणी देतायत आणि आत्ता कुंती सांगतेय, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. मला एकदम आमची मावशीच आठवली.

तिला कॅन्सर होता. सगळ्यांनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही, अल्सर म्हणायचं. रिपोर्टची फाईल मावसबहिणीच्या शालूच्या घडीत. कुणी भेटायला आलं की जिन्यातच गाठून पढवायचं. आणि न्यायचं कुठे, तर परळला! "टाटाला नेतात" म्हटलं की शेंबडं पोरही ओळखतं. दादर स्टेशनला टॅक्सीवालाच विचारायचा, टाटा ना? मावशी शांतपणे, "हो बाबा, अल्सरसाठी."

तुमच्याकडचीही लिहा. पुराणातली, कथा-कादंबऱ्यांमधली पण चालतील. खरी नावं नकोत फक्त.

कोरडवाहू:
कर्णाचं म्हणाल तर कृष्णाला ठाऊक, भीष्मांना ठाऊक, खुद्द कर्णाला युद्धाआधीच सांगितलेलं. उद्योगपर्वात तो उलट कृष्णालाच म्हणतो, धर्माला सांगू नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे माहीत नव्हतं ते नेमकं पांडवांना. वाचणाऱ्याला पण पहिल्यापासून माहीत असतं, तरी त्या तर्पणापाशी पोटात कालवतंच.

पन्हं:
आणि त्यावर युधिष्ठिर शाप कुणाला देतो, तर समस्त बायकांना! तुमच्या मनात गुपित राहणार नाही म्हणे. आमच्याकडे फॅमिली ग्रुपवर सगळं फोडतो तो नवरा, त्याला कुठला शाप ते बघा जरा कोरडवाहू 😄

सातारची_सून:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र. टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद म्हणून सांगितलं आणि सासरे म्हणाले आपल्याला काय, आपल्याकडे आहेतच कुठे. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने साबुदाण्याचा डबा, रुखवतातली पितळी लोटी आणि देवघरातल्या पोथीचं बासन असं सगळं बाहेर आलं. सासरे बघतच राहिले. नंतर कित्येक दिवस त्यांचं एकच, "मी स्कूटरसाठी सोसायटीचं कर्ज काढलं तेव्हा हे घरात होतं?" सासूबाई म्हणाल्या, "होतं म्हणूनच हप्ते गेले वेळेवर." मग मामंजी गप्प.

निशिगंध२:
😂😂 पण साबुदाण्यात ठेवल्यावर नोटांना वास नाही का लागत? आणि साबुदाण्याला कीड लागू नये म्हणून काय घालता? माझा दर श्रावणात टाकावा लागतो.

सातारची_सून:
लवंगा घाला चारदोन. नाहीतर सरळ फ्रीजमध्ये.

पन्हं:
फ्रीजमध्ये ठेवला तर पैसे कुठे ठेवायचे?

थेम्सकाठचा:
मिल्टन कीन्समधून लिहितोय. इथलंच ब्लेचली पार्क, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे संदेश फोडायचे ते. हजारो माणसं कामाला, बहुतेक तरुण पोरी, आणि सगळ्यांकडून लेखी शपथ. 1974 ला तिथे काम केलेल्या एका अधिकाऱ्याचं पुस्तक आलं, तोवर बाहेर अवाक्षर नाही. शेजारच्या आजी तिथल्याच. त्यांचे आईवडील गेले ते पोरगी कुठल्यातरी ऑफिसात टायपिंग करायची एवढंच समजून. आजींना म्हटलं, एकदाही सांगावंसं वाटलं नाही? तर म्हणाल्या, विचारलंच नाही कुणी! आपल्याकडे चाळीतच फुटलं असतं. अवांतर झालं, पण असो.

आजोळ_कोकण:
खिडकीताई, मावशींना शेवटपर्यंत कळलंच नाही का?

खिडकीजवळची:
अगं तिला पहिल्यापासून माहीत होतं. दिवसकार्य झाल्यावर भाजीवाली आली, ती म्हणाली, बाई मला कधीच बोलल्या होत्या, पण घरच्यांना कळू देऊ नको म्हणाल्या, बिचारी किती जिवापाड लपवतात. आमच्या बहिणीला रडू का हसू झालं. दोन्ही पार्ट्या एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होत्या.

(नाव नको):
मी दत्तक आहे. सतराव्या वर्षी कळलं, ते पण एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडून. दत्तक असण्याचं काही नाही वाटलं, खरंच. पण वाढपी मुलांपर्यंत सगळ्यांना माहीत आणि मला नाही, त्याचा राग अजून जात नाही. आईला कधी बोलले नाही. बास, एवढंच.

आजोळ_कोकण:
🫂 वाटेल तेव्हा लिही गं. इथे आहोत.

जुनी_पेटी:
लेखिकेनेच लपून राहायचं, हेही आपल्याकडे झालंय. 1933 ला 'कळ्यांचे निःश्वास' आलं, शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं सगळं त्यात उघडं. केवढा गदारोळ! आणि विभावरी शिरूरकर कोण, ते कुणाला माहीत नाही. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. खऱ्या नावाने तेव्हा लिहिता आलं असतं का? मला नाही वाटत. इथे आपण सगळे तरी काय, आयडी घेऊनच बसलोय की.

कोरडवाहू:
+१. शेवटच्या वाक्याला डबल.

डबेवाला_नाही:
गंभीर झालं वातावरण. आमच्या गावच्या वाचनालयात रहस्यकथांवर कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलने खुनी कोण ते लिहून ठेवायचं. एकात होतं "डॉक्टरने केला". मी चिडून, तरी अख्खं पुस्तक त्या डॉक्टरवर डोळा ठेवून वाचलं. बिचारा इंजेक्शन द्यायला आला तरी मला संशय. शेवटी खुनी भलताच निघाला! परत करताना ते पेन्सिलचं लिहिलेलं मी तसंच ठेवलं, पुढच्यालाही मजा येऊ दे.

निशिगंध२:
कुठलं पुस्तक? आणि खुनी कोण मग?

डबेवाला_नाही:
डॉक्टर.