स्पोर्ट टूरिंगला सत्तर अश्वशक्ती पुरते की नाही?

दख्खनवारी:

आमच्या एका मित्राने सहाशे पन्नास सीसीची मोटारसायकल विकून हजार सीसीच्या वरची स्पोर्ट टूरर (लांबच्या, वेगवान प्रवासासाठीची मोटारसायकल) घ्यायचे ठरवले आहे, आणि त्याचे कारण विचारल्यावर "लांबच्या प्रवासाला ही ताकद कमी पडते" असे तो म्हणाला. त्या एका वाक्यावर आमचे दोन चहा झाले, पण टपरीवर जे नीट मांडता आले नाही ते येथे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे कावासाकीची निन्जा ६५० आहे. तिची शक्ती ६८ अश्वशक्ती, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ६४ न्यूटन मीटर आणि वजन १९६ किलो. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान असताना सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग टिकवायला, हवेचा आणि टायरचा विरोध धरून, माझ्या हिशेबाने चाकावर बारा-तेरा अश्वशक्ती लागते. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला की ती आठपट होते; म्हणून १६०च्या वेगाला हाच आकडा चाळिशीच्या पुढे जातो. आता १६०ने जायचे कोठे? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८०ची मर्यादा आहे, आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग आपल्याला बंदच आहेत. मग हजार सीसीची, १४२ अश्वशक्तीची गाडी घेणारा माणूस त्यातली शंभर अश्वशक्ती वर्षभर नुसती मिरवतो, आणि तिच्यापायी चाळीस किलो जास्तीचे वजन, मागचा १९० मिलिमीटर रुंदीचा महागडा टायर आणि कात्रजपासून स्वारगेटपर्यंत मांडीला लागणारी धग सोसतो, असे मला वाटते.

चारसिलिंडर:

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो एकसारख्या वेगाचा आहे, आणि एकसारख्या वेगाने जाताना कोणालाच ताकद कमी पडत नाही. अडचण होते ती ओव्हरटेक करताना. निपाणीहून उत्तूर, आजरा करत आंबोलीकडे जाणारा रस्ता आपल्याला माहीत असेलच. गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाने ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो, ट्रॉलीबाहेर आलेली वाढी (उसाचे हिरवे शेंडे) रस्त्याच्या मध्यापर्यंत लोंबत असतात, मागे ना दिवा ना परावर्तक, आणि त्या ट्रॅक्टरच्या मागे एक एसटी वाट पाहत अडकलेली असते. अशा ठिकाणी समोरचा रस्ता जेवढा वेळ मोकळा दिसतो तेवढ्यात दोन्ही वाहने पार करून आपल्या बाजूला परत यायचे असते. मागे बायको आणि तीस किलो सामान असताना माझ्या निन्जा १००० एसएक्सने (१४२ अश्वशक्ती, १११ न्यूटन मीटर) मला तेथे एकदाही पेचात टाकलेले नाही. याआधी सहा वर्षे चारशे सीसीच्या गाडीवर मी तोच रस्ता केला आहे, आणि अर्ध्यात सोडून परत मागे आल्याचे प्रसंग मला मोजून सांगता येतील. जास्तीची ताकद वेगासाठी घेतलेली नसते; समोरून येणाऱ्या ट्रकसमोर आपण जो काळ घालवतो तो कमी करण्यासाठी ती घेतलेली असते.

उंचीचा मुद्दाही आपण सोडला. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हवा विरळ होईल तशी घटते, आणि लडाखमधली खारदुंग ला ही खिंड साधारण ५,३५९ मीटरवर आहे. तेथे आपली ६८ अश्वशक्ती चाळिशीच्या आसपास उतरते.

दख्खनवारी:

खारदुंग लाच्या चढावर चिखल, बर्फाचे पाणी आणि लष्करी ट्रकांची रांग यांतून तिशीच्या वर कोण जातो? तेथे चाळीस अश्वशक्तीही उरतेच, आणि गाडी आडवी झाली तर १९६ किलो उचलायचे की २३८ किलो, हा प्रश्न अधिक खरा ठरतो.

ओव्हरटेकचा मुद्दा मात्र मानतो, म्हणून त्याचाही हिशेब केला. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३६५ किलो धरले, तर ५० वरून ८०च्या वेगाला जायला साधारण ५५ किलोज्यूल ऊर्जा लागते. चाळीस अश्वशक्तीची, म्हणजे आपल्या जुन्या चारशेसारखी गाडी, गिअर योग्य असेल तर, सरासरी दोन-तृतीयांश ताकद चाकावर धरून, ती पावणेतीन सेकंदांत देते आणि सत्तरची गाडी दीड सेकंदाच्या थोडे पुढे. आपली गाडी कागदावर एका सेकंदाच्या आत देईल, परंतु तेवढा प्रवेग घ्यायला गेलो तर मागे टॉप बॉक्स (सीटमागची सामानाची पेटी) आणि माणूस असताना पुढचे चाक हलके होते आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच ताकद कापते. म्हणजे चाळीसवरून सत्तरवर आल्याने सेकंदभर हाती लागतो, तर सत्तरवरून एकशे बेचाळीसवर गेल्याने फार तर अर्धा. आपण चारशेवरून थेट हजारवर आलात, त्यामुळे मधल्या पायरीचे श्रेयही वरच्या पायरीला देत आहात.

इसारकाठ:

मी म्युनिकमध्ये राहतो, आणि या प्रकारच्या गाड्या मुळात ज्या रस्त्यांसाठी बनल्या ते रस्ते आमच्या दारात आहेत, म्हणून थोडे लिहितो. येथे ऑटोबानच्या, म्हणजे जर्मन द्रुतगती मार्गांच्या, पुष्कळ भागावर वेगमर्यादा नाही, १३० ही फक्त शिफारस आहे. तरीही माझी होंडा एनटी ११०० अवघ्या १०२ अश्वशक्तीची आहे आणि ती येथे पूर्ण वाढलेली टूरर मानली जाते. फ्रान्समध्ये तर २०१६ पर्यंत सुमारे १०६ अश्वशक्तीच्या वर मोटारसायकल नोंदवताच येत नव्हती, आणि फ्रेंच लोकांनी त्या काळात आल्प्स पाहिले नाहीत असे काही नाही. ए-टू या मर्यादित ताकदीच्या युरोपीय परवान्यावरची तरुण मुले ३५ किलोवॅटच्या, म्हणजे ४८ अश्वशक्तीच्या गाड्या घेऊन इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटाची ४८ वळणे चढतात, आणि खरे सांगायचे तर वळणांत ती माझ्या पुढे असतात. गमतीचा भाग असा की, अनेक पॅनिअरवर (बाजूच्या सामानाच्या पेट्यांवर) निर्मात्यानेच १२० किंवा १३०ची मर्यादा छापलेली असते. सामान लावल्यावर उरलेली ताकद पाहण्यापुरतीच राहते.

मात्र चारसिलिंडर यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. ताशी १३०ने चार तास जाताना माझे इंजिन सहाव्या गिअरमध्ये शांत चालते, तर सातशेच्या गाडीवर थरथरीने संध्याकाळी तळव्यांत मुंग्या राहत असत. कावासाकीने याच गोष्टीकडे लक्ष दिलेले दिसते. निन्जा १००० एसएक्सची ११०० झाली तेव्हा इंजिन १,०४३ सीसीवरून १,०९९ सीसीचे झाले, पण अश्वशक्ती १४२ वरून १३६ वर आणली, टॉर्क १११ वरून ११३ केला आणि पाचवा-सहावा गिअर लांब केला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेते. गाडी बनवणाऱ्यालाच शिखरावरचा आकडा कमी करून खालची ओढ वाढवावीशी वाटली.

मागचीसीट:

अकरा वर्षे मागे बसते आहे, तेव्हा मलाही बोलण्याचा अधिकार आहे. ताकदीची चर्चा करणाऱ्या दोघांनीही मागच्या सीटची रुंदी आणि फूटपेगची (पाय ठेवायच्या दांडीची) उंची लिहिलेली नाही. सातारा येईपर्यंत गुडघे पोटाशी असतील, तर पुढे किती अश्वशक्ती आहे याने मला काहीच फरक पडत नाही. आणि प्रत्येक गिअरला हेल्मेटवर हेल्मेट आदळते ते ताकद कमी असल्यामुळे नव्हे, चालवणाऱ्याच्या हातामुळे.

चारसिलिंडर:

ताईंनी लिहिलेले घरी वाचून दाखवले, आणि मला जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

दख्खनवारी, आपला अर्धा सेकंद मला मान्य आहे, पण त्याच्या आधी आपण "गिअर योग्य असेल तर" असे लिहून ठेवले आहे. पहाटे पाचला पुणे सोडलेला माणूस सकाळी अकरा वाजता आजऱ्याच्या पुढे सहाव्या गिअरमध्ये पन्नासने एसटीच्या मागे असतो. माझ्या गाडीला तेथे एक गिअर पाडला तरी भागते, कित्येकदा तोही लागत नाही. आपल्याला किती पाडावे लागतात?

दख्खनवारी:

तीन. मागे सामान असेल तर कधी कधी दुसऱ्यावरच आणतो, आणि हे मी एसटीच्या मागे लागल्याबरोबर करतो, रस्ता मोकळा दिसल्यावर नाही. दिवसाच्या शेवटी डाव्या हाताचा पंजा दुखतो, हेही कबूल करतो. मित्राला हे दोन्ही सांगितले. त्याने गाडीचे पैसे भरलेले आहेत, आणि सध्या तो पार्किंगच्या उतारावर ती मागे कशी ओढायची याचा सराव करतो आहे.